काकांना नेमका कुठला कार्बोरेटर हवा आहे?

प्रश्न : माझे काका गेली कित्येक वर्षं इंग्लंडात लेस्टरला असतात. त्यांच्याकडे १९६६ ची एमजीबी रोडस्टर आहे. गाडी झकास चालते, मी स्वतः बसून आलो आहे. तरीही काका ‘बरोब्बर ओरिजिनल कार्बोरेटर’ शोधत हिंडत असतात. दर सप्टेंबरला कुठल्याशा जुन्या बाजारात जातात आणि बहुतेक वेळा हात हलवत परत येतात. एका कार्बोरेटरपायी एवढी पायपीट कशासाठी? आणि मिळालाच, तर तो खरा हे ठरवायचं कसं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आधी काकांच्या वतीनं एक दुरुस्ती. ते एक कार्बोरेटर शोधत नसणार, जोडी शोधत असणार. एमजीबीच्या इंजिनावर शेजारी शेजारी दोन कार्बोरेटर बसतात. एक सुटा मिळणं सोपं असतं. एकमेकांशी जुळणारे दोन, मधल्या दांड्या-क्लिपांसकट मिळणं अवघड, आणि पायपीट होते ती तिथेच.

एमजीबी तशी दुर्मीळ गाडी नव्हे. ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या. तिचे सुटे भाग आजही पोत्यानं मिळतात, अख्खी नवी बॉडीशेलसुद्धा मिळते. मग कार्बोरेटरपाशीच घोडं का पेंड खातं, हे समजण्यासाठी ती वस्तू काय आहे ते आधी पाहू.

१९६६ च्या एमजीबीवर ‘एसयू’ कंपनीचे ‘एचएस-४’ जातीचे दोन कार्बोरेटर येत. यातला चार हा आकडा मापाचा आहे. एका इंचावर चार अष्टमांश, म्हणजे दीड इंच. त्याच हिशेबानं एचएस-२ सव्वा इंची आणि एचएस-६ पावणेदोन इंची. एसयू म्हणजे ‘स्किनर्स युनियन’. हे स्किनर घराणं लंडनमधल्या ‘लिली अँड स्किनर’ या पादत्राणांच्या पेढीचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यातल्या जॉर्ज स्किनर यांच्या डोक्यात मोटारीच्या कार्बोरेटरचं खूळ शिरलं. सुरुवातीच्या नमुन्यांत हवेच्या ओढीनं वरखाली होणारा भाता चक्क चामड्याचा होता; घरात चामड्याला तोटा नव्हता. १९२६ मध्ये विल्यम मॉरिस यांनी ती कंपनी विकत घेतली आणि मग मॉरिस, एमजी वगैरे त्यांच्या गाड्यांवर एसयूच दिसू लागला. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनावरही एसयूचाच कार्बोरेटर होता. वैमानिकानं नाक एकदम खाली घातलं की पेट्रोल भलतीकडे उसळून इंजिन गचके खायचं. १९४१ मध्ये फार्नबरोच्या बिअॅट्रिस शिलिंग या अभियंतीनं पेट्रोलच्या वाटेत बारीक भोक पाडलेली धातूची एक चकती बसवून ते दुखणं पुष्कळसं आटोक्यात आणलं. हे विषयांतर झालं, पण एसयूबद्दल लिहिताना ते टाळणं जमत नाही.

आता आतलं काम. मुंबईच्या टॅक्सीवाल्या पद्मिनीवर सोलेक्स कार्बोरेटर असायचा. त्यात ठरावीक मापाचे वेगवेगळे जेट असतात, पिकअपसाठी छोटा पंप असतो, थंडीत चालू करायला चोकची वेगळी सोय असते. एसयूमध्ये यातलं काहीच नाही. वर घुमटासारखा डॅशपॉट आणि त्यात वरखाली होणारा पिस्टन. इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढा पिस्टन वर जातो. पिस्टनच्या बुडाला एक निमुळती निडल असते आणि ती खालच्या एकुलत्या एका जेटमध्ये उतरलेली असते. पिस्टन वर गेला की निडलचा बारीक भाग जेटपाशी येतो, भोवतीची फट वाढते आणि पेट्रोल जास्त येतं. चोक ओढला की जेटच खाली सरकतो. आणखी काही नाही. त्यामुळे कुठल्या वेगाला किती पेट्रोल जायचं, हे सगळं त्या निडलच्या उतारात लिहिलेलं असतं. एसयूनं अशा शेकडो वेगवेगळ्या निडल काढल्या आणि प्रत्येकीच्या दांड्यावर बारीक अक्षरं किंवा आकडे कोरले. काकांच्या वर्षाच्या एमजीबीला नेहमीची निडल ‘५’ क्रमांकाची. मिश्रण दाट हवं असेल तर ‘६’ आणि पातळ हवं असेल तर ‘२१’. बाहेरून दोन एचएस-४ हुबेहूब सारखे दिसतील, पण आतली निडल तिसऱ्याच गाडीची असेल तर गाडी कुठे ना कुठे अडखळणारच.

म्हणजे ‘बरोबर’ असण्याच्या पायऱ्या आहेत. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यावर होता तोच कार्बोरेटर, ही सगळ्यात वरची. त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या गाडीवर येणारा, आतबाहेरून त्याच मापाचा, ही दुसरी. नुसता एचएस-४, ही तिसरी. बाजारात ‘ओरिजिनल’ म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक तिसऱ्या पायरीवरचं असतं, आणि दुकानदार ते पहिल्या पायरीच्या भावानं विकायला बघतो.

पहिली पायरी तर सिद्धच करता येत नाही, असं माझं मत आहे. वॉरिकशरमधल्या गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून जुन्या एमजीचा दाखला मिळतो. कारखान्याच्या नोंदवह्यांवरून चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, रंग, गाडी कधी तयार झाली, कुठल्या देशात रवाना झाली, हे त्यात येतं. कार्बोरेटरचा त्यात उल्लेख नसतो, आणि एसयूच्या अंगावरही तो अमुक गाडीचा असं सांगणारा क्रमांक नसतो. अमेरिकेतल्या शेव्हरोले कॉर्व्हेटवाल्यांचं याबाबतीत बरं आहे, किंवा वाईट आहे म्हणा. साठच्या दशकातल्या त्यांच्या हॉली कार्बोरेटरवर मॉडेलचा क्रमांक तर असतोच, शिवाय तीन आकडी तारीखही ठोकलेली असते: वर्षाचा शेवटचा आकडा, महिना, महिन्यातला आठवडा. कार्बोरेटरची तारीख गाडीच्या तारखेच्या थोडी आधीची असली की माल बरोबर, नंतरची असली की खोटा. मग काय, जुने आकडे घासून नवे ठोकून देणारेही तिथे निपजले. काकांच्या वाट्याला ती भानगड नाही.

एसयूवर असतो तो एक बिल्ला. फ्लोट चेंबरच्या झाकणाच्या एका स्क्रूखाली अडकवलेला, अॅल्युमिनियमचा, त्यावर ‘एयूडी’ आणि पुढे आकडे. (आधीच्या पिढीच्या कार्बोरेटरांवर ‘एयूसी’ असायचं.) कुठल्या गाडीसाठी, कुठल्या निडल-स्प्रिंगसह हा कार्बोरेटर जुळवला ते या आकड्यांवरून कळतं. आणि नेमका हा बिल्लाच सगळ्यात आधी गहाळ होतो. गाडी ओव्हरफ्लो करायला लागली की मिस्त्री पहिलं तेच झाकण उघडतो. स्क्रू परत लागतो, बिल्ला बाकावर राहून जातो. पन्नास-साठ वर्षांत असं झाकण किती वेळा उघडलं गेलं असेल! काही लोक बॉडीच्या ओतकामावर उठून आलेला एयूसी क्रमांक दाखवून ‘हा बघा नंबर’ म्हणतात. तो बहुतेक वेळा साच्याचा असतो. एकाच साच्यातून निघालेल्या बॉड्या अनेक गाड्यांवर गेल्या, त्यावरून काही ठरत नाही.

त्यातही गंमत अशी की बिल्ले आज नवे मिळतात. एसयूचे हक्क आणि जुनी ड्रॉइंग सॉल्सबरीच्या बर्लेन कंपनीकडे आहेत. हवा तो बिल्ला विकत घेऊन कुठल्याही कार्बोरेटरवर डकवता येतो. लबाडीसाठीच घेतात असं नाही. गहाळ झालेला बिल्ला भरून काढण्यात गैर काही नाही. पण बिल्ला आहे म्हणून माल खरा, असं समजून कोणी पैसे मोजत असेल तर त्यानं थोडं थांबावं. बिल्ल्याला जेवढं महत्त्व देतात त्याच्या निम्मंही द्यायचं कारण नाही. त्यापेक्षा आतलं पाहावं.

काका जातात तो सप्टेंबरचा बाजार बहुधा हॅम्पशरमधल्या ब्यूलीचा. १९६७ पासून तिथे जुन्या मोटारींच्या सामानाचा मोठा बाजार भरतो. टेबलावर तेलकट खोक्यात एसयूची जोडी पडलेली दिसली की जाणता माणूस काय करतो ते सांगतो. पहिल्यांदा तो थ्रॉटलचा स्पिंडल दोन बोटांत धरून वरखाली हलवतो. फिरवत नाही, हलवतो. खटखट लागली की स्पिंडल आणि त्याचं भोक झिजलेलं आहे. तिथून चोरटी हवा शिरणार आणि स्लो सेटिंग कधीच धरणार नाही. हे दुरुस्त होतं, भोक मोठं करून जाड स्पिंडल किंवा नवा बुश घालतात, पण त्या खर्चाचा भाव आधी पाडून घ्यावा. मग पिस्टन बोटानं वर उचलून सोडायचा. ‘टक्’ असा धातूवर धातू आपटल्याचा स्वच्छ आवाज आला तर निडल मधोमध आहे. घसटत, आवाज न करता खाली बसला तर निडल वाकलेली तरी आहे किंवा जेट एका अंगाला गेलेला आहे.

विक्रेता खोलू देत असेल तर डॅशपॉटचे स्क्रू सोडवून बघायचं. पिस्टन आणि डॅशपॉट कारखान्यात एकमेकांना जोडून दिलेले असतात. एकाचा पिस्टन दुसऱ्याच्या डॅशपॉटमध्ये घातला की दोन्ही बिघडतात, आणि कोणीतरी कधीतरी दोन्ही कार्बोरेटर एकदम धुवायला काढले असले की हे हमखास झालेलं असतं. याची परीक्षा सोपी आहे. पिस्टनची भोकं बुजवायची, पिस्टन हातात धरायचा आणि डॅशपॉटला आपल्या वजनानं खाली घसरू द्यायचं. या मापाच्या एसयूला पाच ते सात सेकंद लागायला हवेत. दाणकन पडला तर जोडी फुटलेली आहे. पिस्टनवरच्या स्प्रिंगला रंगाची खूण असते: निळी अडीच औंसाची, लाल साडेचार, पिवळी आठ, हिरवी बारा. एमजीबीला लाल. शेवटी निडलचा छोटा स्क्रू सैल करून ती बाहेर काढायची आणि दांड्यावरचा आकडा वाचायचा. यासाठी खिशात भिंग असलेलं बरं.

एवढं सगळं बघूनही भले भले एका ठिकाणी फसतात. एमजीबीवर कार्बोरेटर आडवे सपाट नसतात, थोडे कलते बसतात. बाजूला लटकणारं फ्लोट चेंबर मात्र उभं सरळ राहायला हवं, नाहीतर आतली पेट्रोलची पातळी चुकते. म्हणून बॉडी आणि चेंबर यांच्यामध्ये त्या कलाला जुळेल असा एक पाचरीसारखा तुकडा असतो. दुसऱ्या गाडीच्या एचएस-४ वर हा कोन वेगळा असू शकतो. बोल्ट लागतात, सगळं नीट बसल्यासारखं दिसतं, आणि गाडी चढावर निघाली की पेट्रोलचा वास सुटतो. शिवाय पुढचा आणि मागचा कार्बोरेटर एकमेकांचे आरसे असतात. इग्निशनच्या व्हॅक्युमची नळी लागते ती दोहोंपैकी एकाच बॉडीला. ऑस्टिन-मॉरिसच्या साध्या सलून गाड्यांवर एकेकटे एचएस-४ येत असत. तसे दोन उचलून ‘जोडी’ म्हणून विकणारे कमी नाहीत. दोन्ही डावे बूट हातात पडल्यावर काय होतं ते स्किनर मंडळींना वेगळं सांगायला नको.

काकांच्या शोधातली आणखी एक अडचण अमेरिकेनं करून ठेवली आहे. एमजीबी सगळ्यात जास्त खपली ती तिथे, आणि १९६८ पासून तिथे धुराचे नियम लागू झाले. त्यानंतरच्या कार्बोरेटरांत बरीच उलथापालथ झाली. थ्रॉटलच्या चकतीतच स्प्रिंगची एक छोटी झडप आली. पुढे पक्की बसवलेली निडल जाऊन स्प्रिंगवर कललेली निडल आली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एचएस-४ जाऊन एचआयएफ-४ आला. त्यात फ्लोट चेंबर बॉडीच्याच पोटात. १९७५ पासून तर अमेरिकन एमजीबीवर दोन एसयू जाऊन एकच झेनिथ-स्ट्रॉम्बर्ग बसू लागला. त्यामुळे अमेरिकेहून येणाऱ्या मालात १९६६ च्या गाडीला चालेल असं थोडंच असतं. चकतीत झडप दिसली की ठेवून द्यावं.

चांगला माल मिळतो तो बाजारापेक्षा लोकांच्या गॅरेजमध्ये, असं माझं निरीक्षण आहे. मध्यंतरी पुष्कळांनी कटकट नको म्हणून दोन एसयू काढून एक मोठा वेबर बसवला. काढलेली जोडी, दांड्या, मधलं उष्णतारोधक पत्र्याचं कवच, दोन्ही एअर क्लीनरच्या डब्यांसकट, खोक्यात भरून माळ्यावर गेली. ती जोडी फुटलेली नसते, तिच्यात कोणी काही मिसळलेलं नसतं, बिल्लेही बहुधा जागेवर असतात. अॅबिंग्डनला एमजी कार क्लब आहे, केंब्रिजशरमध्ये एमजी ओनर्स क्लब आहे. काकांनी तिथल्या सभासदांत ‘कार्बोरेटर आहे का’ असं न विचारता ‘वेबर कोणी बसवला होता’ असं विचारावं.

स्पर्धेत गाडी उतरवायची असेल तर परीक्षक बिल्ला बघतात, डॅशपॉटवरची टोपी पितळी आहे की काळी प्लास्टिकची ते बघतात, पाइपाच्या क्लिपासुद्धा बघतात. तो खेळ वेगळा आणि त्याचे नियम पाळायलाच हवेत. पण रविवारी गाडी काढून चार मैल हिंडून यायचं असेल, तर बरोबर निडल, बरोबर स्प्रिंग, न झिजलेला स्पिंडल आणि आरशासारखी जोडी एवढं जमलं की काकांनी शोध थांबवायला हरकत नाही. ते थांबवतील का, हे पुतण्यानं मला विचारू नये.

प्रश्न : जुनं शोधण्यापेक्षा कंपनीकडून नवाच का घेत नाहीत? (एक वाचक, पुणे)

उत्तर : घेतात की. बर्लेनकडून एसयू आजही नवे मिळतात, जुन्या ड्रॉइंगप्रमाणे, गाडीच्या वर्षाप्रमाणे निडल घालून. चालवायला ते जुन्यापेक्षा बरेच. शिवाय ब्रिटनमध्ये २०२१ पासून दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास झालं, आपल्याकडे तर वीस टक्क्यांचं आलं. जुनी रबरं आणि बुचाची पॅकिंग त्यात फुगतात, तडकतात. नव्यात हा त्रास कमी. पण नवा कार्बोरेटर चकचकीत दिसतो, आणि साठ वर्षांच्या इंजिनावर तो चकचकाट डोळ्यांत खुपतो. म्हणून काही जण नव्यातलं आतलं सामान घेऊन जुन्या बॉडीत घालतात. मला विचाराल तर मधला मार्ग म्हणून हाच उत्तम. फक्त जुनी बॉडी काचेच्या बारीक मण्यांच्या माऱ्यानं साफ करून घ्यायचा मोह टाळावा. त्यानं ओतकामाचा मूळ पोत जातो, आणि मणी बारीक वाटांत अडकून राहिले तर इंजिनात जातात. हातानं ब्रशनं घासलेलं बरं, वेळ लागला तरी.

प्रश्न : आमच्या घरी जुनी अॅम्बॅसडर आहे, तिलाही एसयूच आहे. एमजीबीचं इंजिन त्याच घराण्यातलं असं ऐकलं. मग आमचा कार्बोरेटर तिकडे चालेल? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : घराणं एकच आहे, बीएमसीची ‘बी’ मालिका. तुमचं १४८९ सीसीचं, एमजीबीचं १७९८ सीसीचं. पण तुमचा कार्बोरेटर एकट्यानं एक लहान इंजिन सांभाळायला जुळवलेला आहे. त्याची निडल एमजीबीच्या जोडीला चालणार नाही. फ्लोटची निडल-व्हॉल्व्हसारखे काही बारीक भाग मात्र एचएस जातीच्या अनेक कार्बोरेटरांत सारखेच असतात. आणि तुमच्या मिस्त्रीला एसयूची सवय असेल तर तो एमजीबीवरही हात चालवू शकेल. डॅशपॉटमध्ये तेल कुठलं घालतो एवढं त्याला विचारा. वीस ग्रेडचं इंजिन ऑइल म्हणाला तर माणूस कामाचा. ‘ते कोरडंच राहू द्या’ म्हणाला तर तुमची अॅम्बॅसडरसुद्धा दुसरीकडे न्या.